लोखंड काय कुजतं का?



आपल्या कारखान्याच्या मागच्या वार्षिक सभेत देखभाल-दुरुस्तीच्या खर्चाचा विषय निघाला तेव्हा मागच्या रांगेतले एक वयस्कर सभासद उभे राहिले. त्यांनी अहवाल उघडून बोट ठेवले आणि विचारले, "दरसाल रंग, दरसाल पाईप, दरसाल बॉयलरच्या नळ्या. आमच्या उसाच्या पैशातनं हे किती दिवस चालायचं? ऊस कुजतो हे आम्हाला ठाऊक आहे. पण लोखंड काय कुजतं का?"

सभागृहात हशा पिकला. व्यासपीठावरून उत्तर मिळाले, पण ते आकड्यांचे होते आणि आकड्यांनी मन भरत नाही. आम्हाला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. ज्याचा पैसा त्याने विचारायचे नाही तर कुणी विचारायचे? म्हणून याच प्रश्नाचे उत्तर पत्रिकेतून नीट द्यायचे असे ठरवले. त्याला मुहूर्त लागला तो कारखाना बंद झाल्यावर, आणि तोही गाळप-क्षेत्रापासून लांब, कोकणात.

बोर्ली पंचतनची खिडकी

आमच्या एका सभासदांची लेक रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनला दिली आहे. गळीत हंगाम संपला, हिशेब झाले, आणि "एकदा या आमच्याकडे" हे व्याह्यांचे निमंत्रण किती वर्षे लांबवायचे म्हणून आम्ही सहा-सात जण निघालो. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा करत संध्याकाळी गाव गाठले. नारळ-सुपारीच्या बागा, जांभ्या दगडाची घरे, आणि समुद्रावरून येणारा वारा. ओठांवरून जीभ फिरवली की खारट लागते असा तो वारा.

सकाळी चहा घेताना आमच्यातल्या एकाने खिडकीचा गज धरला, आणि गज हातातच आला. बिचारे ओशाळले. व्याही मात्र हसत म्हणाले, "राहू द्या हो पाहुणे, तुमचा दोष नाही. लोखंड आमच्याकडे पाहुणंच असतं. चार पावसाळे राहतं नि निघून जातं."

तो गज आम्ही हातात घेऊन पाहिला. वरच्या बाजूला बोटाएवढा जाड होता. खाली, जिथे चौकटीत पावसाचे पाणी साठते तिथे, तो ज्वारीच्या धाटाएवढा राहिला होता आणि त्यावर तपकिरी पापुद्रे सुटले होते. दाबले की भुगा होत होता. आमच्या त्या वयस्कर सभासदांनी, तेही सहलीला होतेच, तो भुगा तळहातावर घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "कुजतं की हो."

त्यांच्या या दोन शब्दांवर खरे तर लेख संपला असता. पण का कुजते, कसे कुजते आणि सगळ्याच धातूंची अशी गत होते का, हे कळल्याशिवाय आपल्या खर्चाचा उलगडा होत नाही.

धातूंची उतरंड

पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संसार. हा संसार सहसा मोडत नाही. पण काही धातूंना ऑक्सिजनची ओढ इतकी जबर असते की ते पाण्यातला हायड्रोजन हुसकावून लावतात आणि त्याची जागा घेतात. कुणाला ही ओढ जास्त, कुणाला कमी, कुणाला मुळीच नाही. या ओढीप्रमाणे धातू एकाखाली एक मांडले की घरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी एक उतरंड तयार होते.

अगदी वर बसतात पोटॅशियम आणि सोडियम. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०७ साली विजेच्या साहाय्याने हे दोन्ही धातू पहिल्यांदा सुटे केले. सुरीने कापता येतील इतके मऊ, पण पाण्याशी हाडवैर. सोडियमचा वाटाण्याएवढा तुकडा पाण्यावर टाकला की त्याची गोळी होते आणि ती सूं सूं करत पाण्यावर धावत सुटते. पोटॅशियम तर जांभळ्या ज्योतीने पेटतेच. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत हे धातू रॉकेलसारख्या तेलात बुडवून ठेवतात. आपण पोटॅश खत टाकतो आणि मीठ खातो, त्यातही हेच धातू असतात. पण तिथे त्यांची सोयरीक आधीच झालेली असते, म्हणून ते शांत असतात.

त्याखाली कॅल्शियम. ते पाण्यात बुडते आणि भराभर बुडबुडे सोडते. आपल्या कारखान्यात रस निवळायला जो चुना लागतो तो याच घराण्यातला. कळीचा चुना पाण्यात टाकला की खळखळतो, वाफा निघतात. पण तो धातू नव्हे. त्यात कॅल्शियमची ऑक्सिजनशी गाठ आधीच पडलेली असते, त्यामुळे उष्णता निघते पण हायड्रोजन निघत नाही.

पुढे मॅग्नेशियम. थंड पाण्यात जवळजवळ गप्प. पण एकदा पेटले की वाफेतही जळत राहते. म्हणून मॅग्नेशियमच्या आगीवर पाणी ओतायचे नसते; कोरडी वाळू टाकायची.

मग येते ॲल्युमिनियम, म्हणजे आपल्या घरातले 'जर्मन'. या उतरंडीत ते लोखंडाच्या बरेच वर आहे. मग जर्मनच्या पातेल्यात पाणी उकळताना ते विरघळत का नाही? कारण हवा लागताक्षणी त्याच्या अंगावर स्वतःच्याच ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट पदर चढतो आणि पाणी आत पोहोचत नाही. पदर आहे तोवर अब्रू आहे. पदर गेला की काय होते ते पुढे सांगतो.

त्याखाली जस्त, त्याखाली लोखंड, मग कथील आणि शिसे. शिसे साध्या पाण्यात सावकाश का होईना उतरते, आणि ते विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर नको. यानंतर एक रेघ ओढावी. रेघेच्या खाली तांबे, चांदी, सोने. ही मंडळी पाण्यातला हायड्रोजन कधीच हुसकावत नाहीत. थंड पाणी असो, उकळते असो, वाफ असो.

दिवेआगरची साक्ष

ही रेघ पुस्तकातली नाही. तिची साक्ष बोर्ली पंचतनच्या शेजारीच, दिवेआगरला मिळते.

१९९७ च्या नोव्हेंबरात दिवेआगरच्या एका सुपारीच्या बागेत खणताना तांब्याची पेटी लागली. पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा होता. कोकणातला पाऊस, समुद्राची ओल आणि बागेला रोजचे शिंपण, अशा जमिनीत ती पेटी पडून होती. लोखंडाची असती तर तिचा तांबडा डाग तेवढा मातीत उरला असता. तांबे टिकले, आणि सोने तर जसे ठेवले तसे निघाले. याच गावाचा शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट अभ्यासकांना ठाऊक आहे. दान दिले तर ते तांब्यावर कोरावे ही आपल्या पूर्वजांची रीत उगीच नव्हती. लोखंडाच्या पत्र्यावर लिहिलेले दान नातवालाही वाचता आले नसते.

तांब्याला काहीच होत नाही असे मात्र नव्हे. हवा, ओल आणि खार मिळून त्यावर हिरवट थर चढवतात. पण तो थर लोखंडाच्या गंजासारखा सुटून पडत नाही. तो चिकटून बसतो आणि खालच्या तांब्याला झाकतो.

त्या मुखवट्याची पुढची हकिगत मन विषण्ण करणारी आहे. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला आणि मुखवटा वितळवला गेला. पुढे हस्तगत झालेल्या सोन्यातून तो पुन्हा घडवून नोव्हेंबर २०२१ मध्ये बसवण्यात आला. पाण्याला जे जमले नाही ते माणसाच्या लोभाने एका रात्रीत केले. आम्ही दर्शन घेतले तेव्हा कुणी फारसे बोलले नाही.

गंज कशाने चढतो

आता लोखंडाकडे वळू. थंड पाण्यातून लोखंड सहजी हायड्रोजन काढत नाही. मग ते गंजते कसे? गंजायला पाणी लागते आणि हवाही लागते. दोघांपैकी एकाला अडवा, गंज अडतो.

खोटे वाटले तर आपल्या मुलांना घेऊन करून पाहा. तीन स्वच्छ बाटल्या आणि तीन नवे कोरे खिळे घ्या. पहिल्या बाटलीत साधे पाणी घालून खिळा टाका आणि तोंड उघडे ठेवा. दुसऱ्या बाटलीत चांगले उकळलेले पाणी काठोकाठ घ्या, खिळा टाका आणि वर गोडेतेलाचा थर द्या. उकळल्याने पाण्यात मुरलेली हवा निघून जाते आणि तेल नवी हवा आत येऊ देत नाही. तिसऱ्या बाटलीत पाणी नाहीच. तळाशी कळीच्या चुन्याचे खडे ठेवा, त्यांवर कागद, कागदावर खिळा, आणि बूच घट्ट लावा. चुना आतली ओल पिऊन टाकतो. आठवड्याने पाहा. पहिला खिळा तांबारलेला, दुसरा आणि तिसरा चकचकीत. या तीन बाटल्या लक्षात ठेवा. पुढे त्यांच्याशी काम आहे.

पाण्यात मीठ मिसळले की गंजाचा वेग वाढतो. गंज ही मुळात बारीक विजेची करामत आहे. लोखंडाच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो, आणि मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. म्हणून सातारा-सांगलीकडे वीस वर्षे टिकणारा गज बोर्लीला चार पावसाळ्यांत हातात येतो.

एक गंमत अशी की गंजले की वजन घटत नाही, वाढते. एक किलो लोखंड पूर्ण गंजले तर दीड किलोच्या आसपास गंज होतो, कारण हवा आणि पाणी त्यात येऊन बसलेले असते. आकारमान तर कितीतरी फुगते. स्लॅबमधली सळई गंजली की ती फुगून काँक्रीटलाच आतून फोडते ते यामुळेच. बोर्लीत ज्यांनी स्लॅबची घरे बांधली त्यांतल्या काहींच्या गॅलरीखालचे सिमेंट असे पडलेले आम्ही पाहिले. व्याही म्हणाले, "पाणी गोडं वापरायचं आणि सळईवर सिमेंट जाड ठेवायचं. वाळू खाडीची घेतली की घर खारं झालंच म्हणून समजा." लाखमोलाची गोष्ट आहे.

जस्ताचा त्याग आणि जहाजाचे खिळे

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळ-सुपारीच्या बागा झोपवल्या आणि घरांची छपरे उडवली. वादळानंतर ज्याला जसा मिळाला तसा पत्रा लोकांनी घातला. आज त्या छपरांकडे पाहिले की दोन प्रकार दिसतात. काही पत्रे अजून राखी रंगाचे, तर काही कडांपासून तांबडे झालेले. फरक आहे तो अंगावरच्या जस्ताच्या थराचा.

जस्त उतरंडीत लोखंडाच्या वर आहे. म्हणजे त्याची ओढ जास्त. दोघे एकमेकांना चिकटून ओलीत असले की आधी जस्त झिजते आणि ते शिल्लक आहे तोवर लोखंडाला झळ लागत नाही. पत्र्याला एखादा ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त ती जागा सांभाळते. थोरल्या भावाने अंगावर घ्यावे तसे. जस्त संपले की मात्र धाकट्याची पाळी येते. जहाजांच्या लोखंडी तळाला जस्ताच्या वड्या बसवतात त्याही याच हिशेबाने. वड्या झिजतात, त्या बदलतात, जहाज राहते.

याच्या उलट जोडी जमली तर काय होते याचा धडा इंग्रजांच्या आरमाराला मिळाला. लाकडी जहाजांच्या तळाला किडा लागतो म्हणून १७६१ साली 'अलार्म' नावाच्या त्यांच्या लढाऊ जहाजाला तांब्याचा पत्रा मारला. खिळे लोखंडाचे होते. दोन वर्षांनी जहाज परत आल्यावर पाहतात तो पुष्कळ ठिकाणी खिळे खाऊन गेलेले आणि पत्रे सुटलेले. काही ठिकाणी मात्र खिळे शाबूत होते. का? तर तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे चुकून मध्येच राहिला होता. कागदाने तांबे आणि लोखंड यांची भेट होऊ दिली नव्हती.

आपल्या विहिरीवर नेमके हेच घडते. लोखंडी पाईपला थेट पितळी व्हॉल्व्ह आवळला आणि पाणी मचूळ असले की पितळ ठणठणीत राहते आणि शेजारचे पाईपचे आटे खाऊन जातात. आपण दोष देतो दुकानदाराला. मध्ये रबराचा किंवा प्लॅस्टिकचा जोड घातला तर त्या कागदाचेच काम होते.

पुढे दिघीहून होडीने आम्ही जंजिरा पाहून आलो. सिद्दींचे संस्थान १९४८ साली विलीन झाले, तोफा मात्र तिथेच राहिल्या. कलालबांगडी या प्रसिद्ध तोफेजवळ वाटाड्या सांगत होता की ही पंचधातूची. ती खरोखर कशाची हे आम्ही तपासायला गेलो नव्हतो. पण तांबे मुख्य असलेल्या ओतीव धातूची तोफ खाऱ्या हवेत लोखंडी तोफेहून जास्त टिकते, हे उतरंड पाहिलेल्याला सांगावे लागत नाही.

बागेतले निळे पाणी

व्याह्यांच्या सुपारीच्या बागेत पावसाळ्याआधी बोर्डो मिश्रण फवारतात, सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. फ्रान्समध्ये १८८५ साली मिलार्देने द्राक्षांसाठी हे मिश्रण प्रसिद्ध केले. आपल्याकडेही द्राक्षवाले ते वापरतात.

व्याह्यांचा गडी मोरचूद भिजवायला प्लॅस्टिकचे पिंप घेतो. लोखंडी बादलीला तो हात लावत नाही. मोरचुदात तांबे असते. लोखंडाची बादली वापरली तर उतरंडीत वर असलेले लोखंड त्यात विरघळते आणि तांब्याला बाहेर काढते. बादलीला आतून तांबडा मुलामा चढतो, बादली खाल्ली जाते आणि फवाऱ्यातले औषध कमी होते. म्हणजे दुहेरी नुकसान.

पण याच खोडीचा तो उपयोगही करतो. मिश्रण तयार झाले की त्यात स्वच्छ घासलेला कोयता थोडा वेळ बुडवून काढतो. पात्यावर तांबूस छटा आली तर चुना कमी पडला, अजून घालायचा. छटा आली नाही तर मिश्रण ठीक. रसायनशास्त्राचे पुस्तक त्याने उघडलेले नाही, पण शास्त्र त्याच्या कोयत्यावर आहे. आपल्या द्राक्ष-डाळिंबवाल्या सभासदांनी ही खूण उचलावी.

आता कारखान्याकडे

इथून पुढे आपल्या पैशाचा विषय आहे, म्हणून सावकाश वाचावे.

उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो. त्याचा सामू साधारण ५.२ ते ५.५. आंबट पाणी लोखंडाला साध्या पाण्यापेक्षा लवकर खाते. रसाला चुन्याची निवळी लावतात ती मळी बसावी आणि साखर फुटू नये म्हणून, पण त्याबरोबर पुढची टाकी, पाईप आणि इव्हॅपोरेटरही वाचतात. चुन्यात काटकसर केली तर ती लोखंडात वसूल होते.

बॉयलरची गोष्ट याहून नाजूक. फ्रान्समध्ये लाव्हाझिएने १७८० नंतरच्या दशकात बंदुकीची लोखंडी नळी लाल तापवून तिच्यातून वाफ सोडली. दुसऱ्या टोकाने हायड्रोजन निघाला. लोखंडाने वाफेतला ऑक्सिजन घेतला होता. म्हणजे थंड पाण्याला न बधणारे लोखंड तापले की पाण्याशी सरळ भिडते. मग बॉयलरच्या नळ्या टिकतात कशा? तिथे लोखंडावर काळ्या ऑक्साइडचा एक दाट पदर चढतो आणि तोच खालच्या लोखंडाला सांभाळतो. हा पदर जपणे हेच बॉयलरचे पथ्य. पथ्य तीन गोष्टींचे. पाणी अल्कधर्मी ठेवायचे, त्यातली मुरलेली हवा काढून टाकायची, आणि साखर येऊ द्यायची नाही.

साखर कशी येईल, असे कुणी विचारेल. इव्हॅपोरेटरमध्ये रस उकळताना त्याचे थेंब वाफेबरोबर उडतात, किंवा एखादी नळी फुटते. मग थंड होऊन परत येणाऱ्या पाण्यात साखरेचा अंश उतरतो. हेच पाणी बॉयलरला जाते. तिथल्या उष्णतेत साखर फुटून आम्ले तयार होतात, काळा पदर विरतो आणि नळ्या आतून खाल्ल्या जातात. प्रयोगशाळेतली मुले रात्री-अपरात्री परीक्षानळ्या घेऊन पाण्यात साखर तपासताना दिसतात ती याचसाठी. साखरेची खूण दिसली आणि ते पाणी लगेच बाजूला काढले, तर नळ्या वाचल्या. पहाटे तीनची तपासणी डुलकीत गेली, तर ऐन हंगामात बॉयलर बंद, आणि गाडीतळावर तुमचा-आमचा ऊस वाळत. कारखान्यातला एका माणसाचा जागेपणा किती टनांचा असतो हे यावरून समजावे.

आता बंद हंगाम. बॉयलर थंड असतो, बाहेर पाऊस, हवेत ओल. म्हणजे पहिल्या बाटलीतल्या खिळ्याची स्थिती. वर्षभराच्या गाळपापेक्षा हे चार महिने बॉयलरला कधी कधी जास्त महाग पडतात. यावर उपाय दोनच. एक, बॉयलर पूर्ण कोरडा करून आत ओल शोषणारे पदार्थ, म्हणजे कळीचा चुना किंवा सिलिका जेल, तबकांत ठेवून तो बंद करायचा. ही झाली तिसरी बाटली. दुसरा उपाय, हवा काढलेल्या अल्कधर्मी पाण्याने तो काठोकाठ भरून ठेवायचा. ही झाली दुसरी बाटली. मुलांचा तीन खिळ्यांचा खेळ आणि इंजिनिअर साहेबांची बंद हंगामातली व्यवस्था, दोन्ही एकच आहेत. आणि रंग? रंग म्हणजे पाणी-हवेला दारातच अडवणारा पहारेकरी. मात्र गंज खरवडून, रेड ऑक्साइडचा हात देऊन मग मारलेला रंगच टिकतो. गंजावर मारलेला रंग म्हणजे जखमेवर घातलेला सदरा.

जर्मनचे घमेले

मघाशी ॲल्युमिनियमच्या पदराची गोष्ट अर्धी ठेवली होती. इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत बसलेली खपली काढायला कॉस्टिक सोडा वापरतात. हा सोडा ॲल्युमिनियमचा तो पदर विरघळवतो. पदर गेला की ॲल्युमिनियम पाण्याशी भिडते आणि जोराने हायड्रोजन सोडते. एक किलो ॲल्युमिनियममधून बाराशे लिटरहून अधिक हायड्रोजन निघू शकतो, आणि हवेत शंभरात चार भाग हायड्रोजन मिसळला तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते.

फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या डोळ्यांदेखत एका नवख्या पोराने कॉस्टिकचे पाणी जर्मनच्या घमेल्यात काढले. घमेले फसफसू लागले. जवळच वेल्डिंगची तयारी चालू होती. एका जुन्या फिटरने ते पाहिले, आरोळी ठोकून वेल्डिंग थांबवले, सगळ्यांना बाहेर काढले आणि दारे-खिडक्या उघडल्या. कुणाला काही झाले नाही. पोराला ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाळा, तुला कुणी सांगितलं नव्हतं, ही चूक आमची." त्या दिवसापासून आम्हाला वाटते की असली माहिती पुस्तकात राहू नये, घमेल्यापर्यंत पोहोचावी.

हायड्रोजनची ताकद साऱ्या जगाने २०११ च्या मार्चमध्ये पाहिली. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात भूकंप आणि त्सुनामीनंतर थंड करणारे पाणी तुटले. इंधनावरचे झिरकोनियम धातूचे वेष्टन प्रमाणाबाहेर तापले आणि वाफेशी भिडले. निघालेल्या हायड्रोजनच्या स्फोटांनी इमारतींची छपरे उडाली. लाव्हाझिएच्या नळीतलीच ती क्रिया होती. फक्त नळी अवाढव्य होती आणि जवळ फुंकर घालायला कुणी नव्हते.

सभासदांनी घरी-शेतावर काय करावे

१. पोटॅश खत (म्युरेट ऑफ पोटॅश) म्हणजे एक प्रकारचे मीठच. ट्रॉलीतून पोती उतरवली की ट्रॉली गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी. खत टाकायच्या यंत्राचेही तसेच.

२. फवारणी पंपात औषध रात्रभर ठेवू नये. स्वच्छ पाणी भरून, मारून, उलटा करून ठेवावा.

३. कोयते, नांगराचे फाळ हंगाम संपल्यावर पुसून तेलाचा हात देऊन कोरड्या जागी टांगावेत. तेलाने हवा-पाणी दोन्ही अडते.

४. तांब्या-पितळेची भांडी पाण्याला उत्तम. पण ताक, चिंच, आमसूल यांना कल्हईशिवाय वापरू नयेत. पाण्याला न बधणारे तांबे आंबटात उतरते आणि पोटाला बाधते.

५. कॉस्टिक सोडा आणि चुना जर्मनच्या भांड्यात कधीही कालवू नये.

६. पत्रा घेताना भाव विचारतो तसा जस्ताचा थरही विचारावा. स्वस्त पत्रा बोर्लीच्या छपरावर आम्ही पाहिला आहे.

निघताना व्याह्यांनी नारळ आणि सुपारी बांधून दिली. आमच्या त्या वयस्कर सभासदांनी मात्र आणखी एक वस्तू मागून घेतली. तो गंजलेला गज. एसटीत पिशवीतून त्याचा तांबडा भुगा सांडत होता आणि कंडक्टर कुरकुरत होता. आम्ही विचारले, "हे कशाला?" तर म्हणाले, "पुढच्या वार्षिक सभेत घेऊन येणार."

आम्हाला वाटले, आता ते देखभालीच्या खर्चाची बाजू घेणार. आम्ही तसे बोलूनही दाखवले. त्यावर ते म्हणाले, "घेणार की. पण दुसरंही विचारणार. रंग मारायच्या आधी गंज खरवडला का? बंद बॉयलरमध्ये चुन्याची तबकं ठेवली का, आणि ती कुणी तपासली? रात्रपाळीचं साखर तपासायचं रजिस्टर दाखवा. लोखंड कुजतं हे मला पटलं. पण नुसतं कुजतं म्हणून बिल मंजूर करायचं नाही. कुजू नये म्हणून काय केलं ते आधी बघायचं."

सहकाराची याहून चांगली व्याख्या आम्हाला तरी देता येणार नाही. पुढच्या सभेला सर्वांनी यावे. गज टेबलावर असेल.